दोन्ही गटांचे सर

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही यंत्रं शिकायला. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांतली काही आज मोठ्या हुद्द्यांवर बसली आहेत. त्यांच्यापैकी कुणी लिहील म्हणून मी बरेच दिवस थांबलो. कुणी लिहिलं नाही, म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. ते त्यांना आवडलं नसतं. पण ज्यांनी त्यांना पाहिलं आहे त्यांना एका वाक्यावरून ओळख पटेल.

"आधी बसा. आणि मला सांगा, घाई कुणाची आहे? तुमची, की घरच्यांची?"

हे म्हणताना सर चष्मा काढत. त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि तिच्या जागी काळा दोरा बांधलेला होता. तो दोरा कानावरून सोडवायला त्यांना वेळ लागे. मग धोतराच्या सोग्याने काचा पुसत. एवढ्या वेळात समोरचा मुलगा स्वतःशीच विचार करू लागे. नवी काडी बसवून घ्यायला काही फार लागत नाही. ती ते मुद्दामच बसवून घेत नसावेत, असं मला पुढे वाटू लागलं.

आमचं कॉलेज गिरगावच्या बाजूला. सर तिथे पदार्थविज्ञान शिकवत. पण जून महिन्यात त्यांचं खरं काम प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात चाले. तिथे एक टेबल, त्यांची खुर्ची आणि शेजारी एक लाकडी स्टूल. इंटर सायन्सला कोणता गट घ्यायचा हे विचारायला मुलं तिथे येत. गणित घेतलं की अ गट, म्हणजे पुढे इंजिनियर. जीवशास्त्र घेतलं की ब गट, म्हणजे पुढे डॉक्टर. एकदा गट घेतला की आयुष्याची दिशा ठरली, असं सगळे समजत. त्यामुळे मुलांपेक्षा त्यांचे काका-मामाच जास्त येत.

एकदा दादरहून एक काका पुतणीला घेऊन आले होते. "हिला ब गटात घाला. डॉक्टर करायची आहे."

सरांनी दोरा सोडवत मुलीला विचारलं, "घाई कुणाची आहे?"

"माझी!" काका म्हणाले. "हिचं सगळं मीच बघतो."

"मग प्रश्नच मिटला. सोमवारपासून तुम्ही वर्गात या. बेडूक फाडायचा असतो, तेव्हा धोतर जरा वर खोचून या."

ती मुलगी तोंडाला पदर लावून हसली. काका रागावून प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले. पण तिने गणित घेतलं, आणि वर्षभर आमच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसली.

दुसरा एक मुलगा म्हणाला, "मित्राने गणित घेतलंय, म्हणून मलाही गणित." सर म्हणाले, "उत्तम. पेपरही तोच लिहील ना तुमचा?" एवढंच. पुढे समजावणं नाही, उपदेश नाही. तो मुलगा उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, तिथे बराच वेळ उभा राहिला, आणि परत येऊन स्टुलावर बसला.

सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. हे वाचताना तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण मी लालबागच्या चाळीत वाढलो, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलो. मला तोवर जगात कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आणि कुठल्याही मास्तरांनी समोर बसायलाही सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी "बसा" म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुम्हालाच," सर म्हणाले. "स्टूल डुगडुगतं, पण पडत नाही."

मी बसलो. काय विचारायचं ते घरून पाठ करून आलो होतो, तरी शब्द सापडेनात. मग जे झालं होतं तेच सांगितलं.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. त्यांना खोकला जडला होता. गिरणीतल्या माणसाला खोकला असतोच, म्हणून त्यांनी तो बरीच वर्षं अंगावर काढला. शेवटी परळच्या एका रुग्णालयात छातीचा फोटो काढायला मी त्यांना घेऊन गेलो. यंत्राच्या खोलीत डॉक्टर म्हणाले, यंत्र बिघडलंय, फोटो धुरकट येतोय. मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, यंत्र ठीक आहे, तुम्ही माणसाला नीट उभं करत नाही. डॉक्टर म्हणाले, माणसाचं मला शिकवू नका. मिस्त्री म्हणाला, यंत्राचं मला शिकवू नका. आणि त्या दोघांच्या मध्ये माझे वडील उघड्या अंगाने, सदरा हातात धरून उभे होते. ते एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. शेवटी आम्ही फोटो न काढताच घरी आलो. बाबांनी वाटेत सदऱ्याची बटणं लावली.

"सर," मी विचारलं, "यंत्र आणि माणूस, दोन्ही शिकायचं असेल तर कोणत्या गटात जायचं?"

सरांनी चष्मा केव्हाच काढला होता. काचा पुसूनही झाल्या होत्या. तरी ते पुसतच राहिले.

"असा गट नाही," ते म्हणाले.

मी उठलो. एव्हाना माझ्या मागे पुष्कळ मुलं येऊन थांबली होती. सरांनी मला घाईबद्दल विचारलंच नाही, हे माझ्या ट्रामच्या थांब्यावर लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शिपायाला पाठवून मला वर्गातून बोलावून घेतलं. म्हणाले, "गट नाही, पण विषय आहेत. नियम पाहिले. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्यायला मनाई नाही. आपल्याकडे आजवर कुणी मागितलं नाही, इतकंच. अभ्यास फार पडेल. झेपेल?"

मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

"हे उत्तर बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या अर्जावर सही केली.

तेव्हापासून त्यांना एक खेळ सुचला. यंत्र आणि माणूस दोन्ही शिकवणारी पदवी आपल्या देशात नाही, पण कधीतरी निघेल, तर तिला नाव काय द्यायचं? मी जिन्यात भेटलो की ते एखादं नाव ऐकवत. "रोगयंत्रशास्त्र कसं वाटतं?" आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच मान हलवत, "नको. ऐकूनच माणूस आजारी पडेल." त्या पदवीला कोणते विषय हवेत याचाही ते विचार करत. शरीररचना हवी, वीज हवी, गणित दोन वर्षं तरी हवंच. आणि रुग्णालयात एक महिना बाकावर बसणं सक्तीचं. "काही करायचं नाही. नुसतं बसायचं, पेशंटांच्या रांगेत. त्याची हजेरी घ्यायची."

आम्ही दोघं हसत असू. पण ते लिहूनही पाठवत होते. विद्यापीठाकडे त्यांचे अर्ज जात आणि उत्तर येत नसे. "आपण आपलं पाठवावं," म्हणत.

ते दिवस कसले होते हे तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीभिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं रंगवलेलं. लालबाग-परळची सगळी माणसं सभेला जाऊन आलेली, नाहीतर सभेला निघालेली. वर्गातही तेच बोलणं. सर या विषयावर कधी काही बोलत नसत. त्यांचं घराणं मुंबईतलं फार जुनं. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी गिरगावात वाडीचा अर्धा भाग बांधला होता, म्हणे. एका मुलाने धीर करून विचारलं, "सर, मुंबई कुणाची?"

"तिचं तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "कालच्या प्रयोगाचं हे जर्नल कुणाचं, ते मला कळत नाहीये. यावर नावच नाही."

पण सगळंच त्यांना ऐकू येत असे. एका मुलाच्या जीवशास्त्राच्या जर्नलात बेडकाची आकृती होती. यकृत एकीकडे, हृदय भलतीकडे. मी ती बघत होतो, तेव्हा सरांनी माझ्या खांद्यावरून पाहिली आणि म्हणाले, "या बेडकाची भाषावार पुनर्रचना झालेली दिसते." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.

मग तो जानेवारी आला.

ट्रामा थांबल्या, गिरण्या बंद पडल्या, संचारबंदी लागली. आमच्या चाळीच्या खिडक्या दिवसाही बंद असत. खालच्या मजल्यावर एक विधवा बाई राहत होत्या. खानावळीचे डबे करून देत. त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्याच वयाचा, एका छापखान्यात कामाला. संचारबंदी थोडी उठली तशी तो दूध आणायला बाहेर पडला. गोळीबार कुठून सुरू झाला ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. त्याचं दुधाचं भांडं कुणीतरी नाक्यावरून आणून त्यांच्या दारात ठेवलं. ते तिथेच होतं. उचलायचं कुणाला सुचत नव्हतं.

मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागलो तेव्हा बुडालेले तास भरून काढायचं ठरलं होतं. कारण नियम असा, की प्रत्येक विषयात ठरलेली हजेरी भरली पाहिजे आणि जर्नलावर सही मिळाली पाहिजे. नाहीतर टर्म मिळत नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. जादा तासांचं वेळापत्रक करायचं काम प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना दिलं. सरांनी ते एका दिवसात केलं. अ गटाचं गणित सकाळी पुढच्या इमारतीत. ब गटाचं जीवशास्त्र सकाळी मागच्या इमारतीत. दोन गट, दोन इमारती, एकच वेळ. सगळ्यांच्या सोयीचं.

फक्त मी दोन्ही गटांत होतो.

फळ्यावर ते वेळापत्रक पाहून मी गोंधळलो. जीवशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरना विचारलं. ते सरांचेच जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "सरांनी केलंय ना? मग तुझा विचार करूनच केलं असेल." मलाही तसंच वाटलं. सरांची चूक होईल हे माझ्या मनातच आलं नाही. मी एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे असा जात राहिलो. जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं जास्त होती. ती भरली नाहीत.

फेब्रुवारीत टर्म न मिळालेल्यांची नावं लागली, त्यात माझं होतं. सर फळ्याजवळ आले, दोऱ्याचा चष्मा नीट बसवून त्यांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, रागावतील. त्यांचा चेहरा अगदी पांढरा पडला होता.

"वेळापत्रक," ते म्हणाले. आणि तसेच प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो आणि दाराबाहेर थांबलो. दार अर्धं उघडं होतं.

"एकाला सूट दिली तर सगळे रांग लावतील," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणत होते. "आणि दोन्ही विषय घ्यायला त्याला सांगितलं कुणी?"

"मी."

"मग आता जीवशास्त्र खोडायला सांगा. गणिताची हजेरी आहे ना? अ गटाचा म्हणून यंदा परीक्षेला बसू दे. सरळ इंजिनियर होईल. गरिबाच्या मुलाचं वर्ष तरी जाणार नाही."

सर दाराकडे वळले. मग म्हणाले, "हे मला त्याच्या घरी विचारावं लागेल."

रविवारी दुपारी ते आमच्या चाळीत आले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. त्या दिवसांत अनोळखी माणूस चाळीत शिरला की सगळे दारांत येत. "कोण रे ते? पोलिसांचा माणूस?" असं कुणीतरी कुजबुजलं. मी धावत खाली गेलो. सर जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. त्या बाईंच्या दारातल्या दुधाच्या भांड्याकडे बघत होते. मी हळूच काय झालं ते सांगितलं. सरांनी टोपी काढली, आणि पुढे जिना चढून येईपर्यंत ती हातातच धरली.

आमची एक खोली. आईने घाईघाईने दोरीवरचे कपडे ओढून घेतले. "बसा हां, च्या टाकतंय," म्हणाली आणि स्टोव्हकडे वळली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, ते उठू लागले.

"तुम्ही बसा," सर म्हणाले. आणि स्वतः समोर चटईवर मांडी घालून बसले. त्यांना तशी सवय नव्हती, हे दिसत होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन्ही विषय घ्यायला मी सांगितलं, वेळापत्रकही मीच केलं, आणि करताना तुमच्या मुलाला विसरलो. गटागटाने विचार करायची सवय लागली, गटाबाहेरचा एकच मुलगा होता, तोच सुटला. आता दोन रस्ते आहेत. जीवशास्त्र सोडलं तर यंदाच परीक्षा, आणि चार वर्षांत कमावता होईल. नाही सोडलं तर हे वर्ष गेलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मग त्यांनी चष्म्याकडे हात नेला. मला पुढचं वाक्य पाठ होतं.

"घाई..." ते म्हणाले, आणि थांबले. बाबांना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली होती. ती बराच वेळ थांबली नाही. आईने पाणी दिलं. सरांचा दोरा बोटांत तसाच राहिला. घाई कुणाची आहे हे त्या खोलीत कुणी विचारायची गरज नव्हती.

बाबांनी तोंड पुसलं. मला म्हणाले, "तुका काय होया?"

 यंदा पास झालो तर घराला हातभार लागेल, हे मला कळत होतं. मी सरांकडे पाहिलं. ते मुद्दाम खिडकीकडे बघत होते.

"दोन्ही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मग सरांना म्हणाले, "मास्तरांनू, वर्स फुडल्या जूनाक परत येतला. खालच्या बायचो झील येवचो नाय. तुमी मनाक लावून घेव नकात. च्या घेवा."

सरांनी कप घेतला. आमचं मालवणी बोलणं त्यांना सगळं समजलं की नाही ठाऊक नाही, पण वर्ष परत येईल, खालच्या बाईंचा मुलगा येणार नाही, एवढं समजलं असावं. चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. जाताना दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "तू माझ्याजवळ येऊन भांडायला हवं होतंस."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

जूनमध्ये मी पुन्हा इंटरच्या वर्गात बसलो. जीवशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला गेलो तर सगळ्यात मागच्या टेबलाशी सर बसलेले. कोटावर पांढरा डगला, समोर ट्रे आणि ट्रेमध्ये बेडूक. मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. डेमॉन्स्ट्रेटर बिचारे घामाघूम झाले. "सर, आपण इथे?"

"मी मुलांना या वर्गात पाठवतो," सर म्हणाले, "आणि इथे काय चालतं ते मला ठाऊकच नाही. शिकवा. माझ्याकडे लक्ष देऊ नका."

ते वर्षभर आले. स्वतःचे तास सांभाळून, जमेल तेव्हा. जर्नलही लिहिलं. त्यांच्या हाताला विजेच्या तारा जोडायची सवय, पण बेडूक काही केल्या नीट उघडायचा नाही. आकृत्या तर विचारूच नका. डेमॉन्स्ट्रेटरनी एकदा माझं जर्नल तपासता तपासता सरांचंही चुकून तपासलं, आणि त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'आकृती पुन्हा काढा.' लक्षात आल्यावर ते माफी मागायला धावले. सरांनी ते पान मला दाखवलं आणि म्हणाले, "माझ्याही बेडकाची पुनर्रचना झाली वाटतं." या वेळी मात्र ते हसले, चांगले खळखळून. आणि ती आकृती त्यांनी पुन्हा काढली.

मी दोन्ही विषयांत पास झालो. इंजिनियरिंगला गेलो. त्यानंतरही काही रविवार त्यांच्या गिरगावच्या घरी जात असे. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. जेवायच्या मोठ्या टेबलावर निम्म्या बाजूला त्यांची पुस्तकं आणि निम्म्या बाजूला माझ्यासाठी आणलेली शरीरशास्त्राची. विद्यापीठाकडून उत्तर आलं नव्हतं. पदवीला नाव अजून सापडलं नव्हतं. "घाई कुणाची आहे?" ते म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्यांची थोरली मुलगी त्यांना बडोद्याला घेऊन गेली. निघायच्या आधी मी भेटायला गेलो. त्यांनी मला काही दिलं नाही, काही सांगितलंही नाही. फक्त म्हणाले, "बडोदा उद्या कुठल्या राज्यात जाईल कोण जाणे. पत्ता मात्र तोच राहील." मी पत्रं लिहिली. त्यांची उत्तरं येत. अक्षर हळूहळू बिघडत गेलं, मग उत्तरं आली नाहीत.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात आमच्या चाळीवरही रोषणाई झाली. खालच्या बाईंनी दारात एक पणती लावली आणि दार लोटून घेतलं. त्याच सुमाराला माझा निकाल लागला, आणि काही दिवसांनी मला नोकरी लागली. परळच्या रुग्णालयात, तिथल्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. तेच रुग्णालय. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा उठून बसले. आता त्यांना फार बोलता येत नव्हतं.

"मास्तरांका सांगून ये," एवढंच म्हणाले.

मी बडोद्याला पत्र टाकलं. आणि राहवलं नाही म्हणून गिरगावच्या घरीही गेलो. कुणीतरी शेजारी त्यांची खुशाली सांगेल, असं मनात होतं. दार उघडं दिसलं. आत त्यांची थोरली मुलगी होती, सामान आवरायला आलेली. मोठं टेबल भिंतीला लावून ठेवलेलं होतं आणि त्यावर काही नव्हतं. तिला पाहून मला कळायला हवं होतं. पण मी मूर्खासारखा म्हटलं, "सरांना सांगायचं होतं, मला परळला नोकरी लागली."

ती म्हणाली, "बाबा गेले. महिना होऊन गेला."

मी उभाच राहिलो. तिने मला बसायला सांगितलं. तेच जुनं स्टूल होतं, निवृत्तीच्या दिवशी मुलांनी कॉलेजातून उचलून त्यांना आणून दिलेलं. डुगडुगलं, पण पडलं नाही.

तिने मग हळूहळू सांगितलं. शेवटी हृदयाचा त्रास होता. बडोद्याच्या रुग्णालयात ठेवलं होतं. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र पलंगाशी आणलं, तर रेघा नुसत्या थरथरत होत्या, काही नीट उमटेना. डॉक्टर म्हणाले यंत्रात दोष आहे, यंत्रवाला म्हणाला पेशंट हलतोय. दोघांचं चाललं होतं. सर डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "भांडू नका. मुंबईला लालबागला आमचा मुलगा आहे. तो दोन्ही शिकलाय. त्याला बोलवा."

"आम्हाला वाटलं, भ्रम झाला," ती म्हणाली. "आम्ही दोघी बहिणीच. भाऊ कुठून येणार? डॉक्टरांनीही मान हलवली. कुणी लक्ष दिलं नाही. पण संध्याकाळपर्यंत ते विचारत होते, आला का, आला का."

तिने पदराने डोळे टिपले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना? तुम्हाला ठाऊक असेल. असा कुणी मुलगा खरंच होता का हो?"

मी स्टुलावरून उठलो.

"आहे," मी म्हटलं. "त्याला निरोप आत्ता मिळाला."